मोबिलिटी स्कूटर घेताय? आधी लिफ्टचं माप घ्या

आमच्या पहिल्या मोबिलिटी स्कूटरची लांबी होती १२२ सेंटिमीटर आणि आमच्या लिफ्टची आतली खोली १०५. हे दोन्ही आकडे मला गाडी घरी आल्यावर कळले. ठाण्यातल्या चरईतली आमची इमारत जुनी. लिफ्ट मागाहून बसवलेली, जिन्यालगत जेवढी जागा मिळाली तेवढ्यात. आई चौथ्या मजल्यावर, गाडी खाली पार्किंगमध्ये, आणि मध्ये तीन पायऱ्या नि चाळीसेक पावलं. तेवढं चालवत नव्हतं म्हणून तर गाडी घेतली होती. सात महिने ती प्लास्टिकखाली उभी राहिली, बॅटऱ्या बसल्या, आणि शेवटी मिळेल त्या किमतीत विकली. पैसे गेले त्याहून जास्त लागलं ते आईचं बोलणं: "राहू दे गं. मला आता जायचंय तरी कुठे?"

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. कॅटलॉग बाजूला ठेवला, मोजायची टेप घेतली आणि आईच्या पलंगापासून जांभळी नाक्यावरच्या तिच्या भाजीवालीपर्यंतचा रस्ता मोजला. आज आई ७६ वर्षांची आहे आणि आठवड्यातून चारदा एकटी बाजारात जाऊन येते. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच अशी गाडी यायची आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

ही गाडी कोणासाठी

मोबिलिटी स्कूटर म्हणजे तीन किंवा चार छोट्या चाकांची, बॅटरीवर चालणारी, खुर्चीसारखी सीट आणि पुढे हँडलचा खांब असलेली गाडी. रस्त्यावर पळणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरशी किंवा मागे जादा चाकं लावलेल्या दुचाकीशी तिचा संबंध नाही. वेग साधारण ताशी ६ ते ८ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. १९६८ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ॲलन थीम नावाच्या माणसाने घरच्या गॅरेजमध्ये अशी पहिली गाडी तयार केली, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) झालेल्या आपल्या घरच्या माणसासाठी. कुणाच्या तरी अडलेल्या पावलांसाठीच ती जन्माला आली, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

ज्यांना चार-दहा पावलं टाकता येतात, स्वतः उठबस करता येते, पाठ ताठ ठेवून बसता येतं आणि दोन्ही हात पुढे धरता येतात, त्यांना ही गाडी सोयीची. संधिवात, गुडघ्यांची झीज, दम लागणं, लहानपणी पोलिओ होऊन आता थकलेले पाय, असे बरेच जण यात येतात. ज्यांचा तोल बसल्या जागीही जातो किंवा हात वर धरवत नाहीत, त्यांनी जॉयस्टिकची इलेक्ट्रिक व्हीलचेअर बघावी. नजर फार कमी असेल, फिट येत असतील किंवा औषधांनी गुंगी येत असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. शंका असेल तर फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून एकदा तपासणी करून घ्या. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, ती याच विषयातली सरकारी संस्था.

जो पूर्णवेळ व्हीलचेअरवर आहे आणि ज्याला रस्त्याने लांब जायचं आहे, त्याची गरज वेगळी. व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक आता आपल्याकडेच बनतं. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेलं निओबोल्ट हे त्यातलं माहितीचं नाव. तरुण, हातांत जोर असलेल्या माणसाला मी तेच आधी बघायला सांगेन.

पहिली पायरी: टेप, वही आणि एक रविवार

गाडी बघायला जाण्याआधी ही मापं वहीत लिहून काढा. कोणाला तरी मदतीला घ्या, एकट्याने टेप धरवत नाही.

घरातल्या सगळ्यात अरुंद दाराची मोकळी रुंदी घ्या. मोकळी म्हणजे दार उघडल्यावर पल्ला आणि चौकट सोडून उरते ती. छोट्या गाड्या ५० ते ५५ सेंटिमीटर रुंद असतात, मोठ्या ६५ च्या पुढे. मग लिफ्ट. दार किती उघडतं, आतली रुंदी किती, खोली किती आणि जाळीचं दार असेल तर त्याची घडी आत किती जागा खाते, ते बघा. आमच्या लिफ्टमध्ये आत फिरायला जागाच नाही. पुढून शिरायचं आणि रिव्हर्समध्ये बाहेर यायचं. म्हणजे लिफ्टबाहेर प्रत्येक मजल्यावर गाडी वळवायला जागा हवी, तीही मोजावी लागली. चौथ्या मजल्यावर शेजारच्यांचा चपलांचा स्टँड आडवा येत होता. काकांनी तो दुसऱ्या दिवशी उचलून आत घेतला, पण आधी मोजलं म्हणून ते कळलं.

लिफ्टची पातळी मजल्याशी जुळते का, तेही बघा. जुन्या लिफ्ट दोन-तीन सेंटिमीटर वरखाली थांबतात. माणूस ते पायाने सांभाळतो. छोटं चाक त्या फटीत अडकतं.

मग खाली. प्रत्येक पायरीची उंची लिहा. रॅम्पचा धरून चालायचा हिशेब १:१२ आहे, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर १८० सेंटिमीटर रॅम्प लागतो. तीन पायऱ्या असतील तर ५४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अठरा फूट. सर्जिकलच्या दुकानात मिळणारा घडीचा ॲल्युमिनियम रॅम्प एका पायरीला ठीक आहे. तीन पायऱ्यांवर तो टाकणं म्हणजे घसरगुंडी. घोडबंदर रोड, कोलशेत, हिरानंदानी अशा भागातल्या टॉवरमध्ये लिफ्ट मोठ्या असतात, तिथे हा त्रास नाही. पण पोडियमवरून किंवा बेसमेंटमधून वर येणारा चढ मोटारगाड्यांसाठी केलेला असतो. तिथून मोबिलिटी स्कूटर नेऊ नका, लिफ्टने तळमजल्यावरच उतरा.

आणि शेवटी रस्ता. हे काम पायी चालत, पण नजर जमिनीवर ठेवून करायचं. ठाण्यातला फूटपाथ कधी गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत उंच, कधी गायब. पेव्हर ब्लॉक खचलेले, मध्येच विजेचा डबा, गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्याच दिशेने. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे याला इथे फार महत्त्व येतं. घडीच्या छोट्या गाड्यांचं पोट जमिनीपासून चार-सहा सेंटिमीटरवर असतं. सोसायटीच्या गेटसमोरच्या रबरी स्पीडब्रेकरवर अशी गाडी बसते आणि चाकं हवेत फिरत राहतात. मधल्या आकाराच्या गाड्यांना आठ ते दहा सेंटिमीटर मिळतात. मी म्हणेन, ठाण्यात बाहेर फिरायचं असेल तर आठच्या खाली जाऊ नका.

आम्ही जांभळी नाक्याला जायचे तीन रस्ते चालून पाहिले. जवळचा रस्ता दोन ठिकाणी फुटला, दुसऱ्यावर दुचाक्या फूटपाथवरच लावलेल्या. तिसरा, तलावपाळीच्या कडेने जाणारा, लांबचा होता पण सलग होता. आईने तोच घेतला. तिचं म्हणणं, "लांब असू दे, तलाव तरी दिसतो."

दुसरी पायरी: तीन चाकं की चार

तीन चाकांची गाडी कमी जागेत वळते. घरात, लिफ्टमध्ये, दुकानाच्या दारात ती बरी. पुढे पाय पसरायलाही जागा जास्त. पण वळताना वेग असेल किंवा एक चाक खड्ड्यात गेलं तर ती कलंडू शकते. चार चाकांची गाडी ठाम उभी राहते, मात्र वळायला मोठा घेर घेते. जुनी इमारत आणि मोकळा सपाट रस्ता असेल तर तीन. मोठी लिफ्ट आणि खडबडीत रस्ता असेल तर चार. आमचं घर जुनं आणि रस्ताही खडबडीत, म्हणून आम्ही १०२ सेंटिमीटर लांबीची छोटी चारचाकी घेतली आणि वळण्याची गैरसोय पत्करली. लिफ्टमध्ये तीन सेंटिमीटर उरतात, पण दार लागतं.

टायर भरीव असले तर पंक्चरची काळजी नाही, पण पेव्हर ब्लॉकवर कमरेला हादरे बसतात. हवेचे मऊ असतात, पण हवा बघत राहावी लागते. पाठीचं दुखणं असेल तर हवेचे घ्या. नाक्यावरचा सायकलवालाही त्यात हवा भरून देतो.

बसणाऱ्याचं वजन आणि हातातलं सामान मिळून गाडीच्या क्षमतेपेक्षा किमान पंधरा-वीस किलो कमी भरायला हवं. क्षमतेच्या काठावर चालवली की चढावर मोटर तापते.

गाडी मोटारीतून न्यायची असेल तर डिकीही मोजा. सुट्या होणाऱ्या गाड्यांचा सर्वात जड भाग दहा-पंधरा किलोंचा किंवा त्याहून जास्त असतो आणि तो उचलणारं माणूस कोण, हे आधी ठरवा. आपल्याकडच्या बऱ्याच मोटारींत सीएनजीची टाकी डिकीतच असते. मग गाडी मागच्या सीटवर चढवावी लागते. दुकानात ती एकदा स्वतः सुटी करून, उचलून, परत जोडून बघा. दुकानातला मुलगा अर्ध्या मिनिटात करून दाखवतो, त्यावर जाऊ नका.

तिसरी पायरी: हात बघा

या गोष्टीकडे दुकानात कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वात मोठी. पायांसाठी म्हणून घेतलेली ही गाडी चालते हातांवर.

हँडलखाली एक आडवी लिव्हर असते. बहुतेक गाड्यांत उजव्या अंगठ्याने दाबली की पुढे, डाव्याने दाबली की मागे. सोडली की मोटर थांबते आणि ब्रेक आपोआप लागतो. वेगळा ब्रेक दाबावा लागत नाही. काही गाड्यांत लिव्हर अंगठ्याने ढकलायची, काहींत बोटांनी ओढायची. आईला रूमॅटॉइड संधिवात आहे. तिची बोटं करंगळीकडे झुकलेली आहेत आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही. पहिल्या दुकानात तिने लिव्हर दाबली, गाडी चालली, सगळे खूश. मी तिला सांगितलं, दहा मिनिटं दाबून धर. चौथ्या मिनिटाला तिचा अंगठा थरथरायला लागला. ती काही बोलली नाही. तिचं तोंड मी ओळखते, म्हणून मला कळलं.

तिच्यासाठी शेवटी गोल कडीसारखं हँडल असलेली गाडी मिळाली, ज्यात चारही बोटांनी ओढता येतं आणि मनगट टेकवायला जागा आहे. तुमच्या माणसाला दुकानात किमान पंधरा मिनिटं बसवा. लकवा होऊन गेला असेल तर पुढे जायची लिव्हर दुसऱ्या हाताला बदलून मिळते का ते विचारा. किल्ली बारीक असेल आणि फिरवता येत नसेल तर तिला जाड लाकडी मूठ बसवून घ्या. आमच्या सुताराने ती घरीच बसवून दिली.

सीट फिरणारी हवी, म्हणजे बाजूने बसून मग समोर वळता येतं. हात टेकायचे दांडे वर होणारे हवेत. पाय जमिनीला टेकून बसता येईल इतकी सीट खाली येते का, तेही बघा; आपल्या आयांची उंची लक्षात घेऊन या गाड्या बनवलेल्या नसतात.

चौथी पायरी: बॅटरी आणि कागदपत्रं

बहुतेक गाड्या २४ व्होल्टच्या असतात. त्यात १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, किंवा एक लिथियमचा पॅक. लेड-ॲसिड स्वस्त, पण जड. १२ अँपिअर-तासांची (हे बॅटरीची क्षमता मोजायचं माप) एक बॅटरी साधारण चार किलोंची, २० ची सहा किलोंच्या वर. लिथियम हलकी, जास्त वर्षं चालते, महाग. घरी चौथ्या मजल्यावर नेऊन चार्ज करायची असेल तर मी लिथियमसाठी जादा पैसे मोजेन.

एका चार्जमध्ये किती किलोमीटर, हा आकडा सपाट जमिनीवरचा आणि नव्या बॅटरीचा असतो. त्यातले साठ टक्के आपले धरा. १५ किलोमीटर लिहिले असतील तर नऊ. आणि विजेच्या बिलाची भीती काढून टाका: २४ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी होऊन पुन्हा पूर्ण भरली तरी पाऊण युनिटच्या आतच काम होतं.

लेड-ॲसिड घेताना बॅटरीवर छापलेली बनवल्याची तारीख पाहा. आमची पहिली गाडी ज्या दुकानातून घेतली तिथे ती वर्षभर गोडाऊनमध्ये चार्ज न करता पडून होती. नवीन म्हणून आलेली बॅटरी मुळातच अर्धमेली होती. वॉरंटीच्या कागदावर बॅटरीचा कालावधी वेगळा लिहिलेला असतो आणि तो गाडीच्यापेक्षा कमी असतो, तोही वाचा.

बिलावर गाडीचं नाव, मोटरचे वॉट, कमाल वेग आणि बॅटरी वगळून वजन लिहून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि बॅटरी वगळून ६० किलोंपर्यंतची बॅटरीवरची गाडी, ठरलेल्या अटी पाळल्या तर, मोटार वाहन धरली जात नाही. कोणी अडवलं तर बिलाची प्रत दाखवता येते. अपंग व्यक्तींसाठीच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे, मोटर असली तरीही. बिलात जास्त लावला असेल तर दुकानदाराला विचारा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ठरावीक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. मात्र दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून अलिम्को या सरकारी कंपनीची मिळते ती मोटरची तीनचाकी सायकल असते. ती रस्त्यासाठी चांगली, पण लिफ्टमध्ये जाणारी ही गाडी नव्हे. दोन्हींत गोंधळ करून वाट बघत बसू नका.

किमतींबद्दल थोडंच सांगते, कारण त्या सतत बदलतात. छोट्या गाड्या लाखाच्या आसपास किंवा त्याखालीही मिळतात, मोठ्या आणि लिथियमच्या बऱ्याच वर जातात. त्यापेक्षा हे विचारा: सुटे भाग इथे मिळतात का? कंट्रोलर, चार्जर आणि मोटरचे कार्बन ब्रश किती दिवसांत येतात? मेकॅनिक घरी येतो का? ठाणे किंवा मुंबईत दुरुस्ती नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि शक्य असेल तर आधी महिनाभर भाड्याने घ्या. रुग्णांचं सामान भाड्याने देणाऱ्या काही दुकानांत ती मिळते.

पाचवी पायरी: चालवायला शिकणं

पहिला आठवडा सोसायटीच्या आवारातच, वेगाचं बटण सर्वात खाली ठेवून. शिकवण्याची खरी गोष्ट एकच आहे: घाबरलं की हात सोडायचा. ज्याने आयुष्यभर सायकल किंवा स्कूटर चालवली आहे, तो दचकला की मूठ आवळतो, ब्रेक दाबल्यासारखी. इथे आवळली की गाडी आणखी पळते. आईने दुसऱ्याच दिवशी वॉचमनकाकांची खुर्ची उडवली ती अशीच. काका तेव्हा खुर्चीत नव्हते म्हणून निभावलं. मग आम्ही रोज दहा वेळा सराव केला. मी मागून "सोड!" म्हणायचे, आई दोन्ही हात हवेत उचलायची. चार दिवसांत तिचे हात आपोआप सुटायला लागले.

चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे टेकून वेग कमी करायचा. उताराला आडवं जायचं नाही. फूटपाथचा काठ नेहमी समोरून, सरळ घ्यायचा, तिरका नाही. पिशवी हँडलला अडकवायची नाही. हँडल एका बाजूला ओढलं जातं आणि पिशवी लिव्हरला लागते. पुढची टोपली किंवा सीटमागची जाळी वापरा. साडी असेल तर पदर खोचून आणि निऱ्या पायांखाली सावरून. बसण्या-उतरण्याआधी किल्ली बंद, दर वेळी. उतरताना हँडलवर भार टाकला की अंगठा लिव्हरवर जातो आणि गाडी अंगावर येते.

रस्ता ओलांडताना हिशेब करा: ताशी ६ किलोमीटरने मिनिटाला १०० मीटर होतात, म्हणजे वीस मीटर रुंद रस्त्याला बारा सेकंद लागतात. राम मारुती रोड, गोखले रोड संध्याकाळी टाळा, सकाळी अकराच्या आत जा. घोडबंदर रोड या गाडीवरून ओलांडू नका, माझं हे ठाम मत आहे. पलीकडे जायचं असेल तर मोटारीतून जा. गाडीच्या मागे उंच दांड्यावर केशरी झेंडा लावा; बसलेलं माणूस रिक्षावाल्याच्या आणि टेम्पोवाल्याच्या नजरेच्या खाली राहतं.

सोसायटी

कमिटीकडे तोंडी बोलून सुरुवात करा, पण अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात तीनच गोष्टी मागा: रॅम्प, गाडी ठेवायला कोरडी जागा, आणि तिथे चार्जिंगसाठी आपल्या मीटरवरून जोडलेला सॉकेट. मापांसह साधं चित्र जोडा. आमचा रॅम्प सभेत दोनदा अडला, मुख्य दारासमोर नको म्हणून. तिसऱ्या सभेला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी स्वतः म्हणाल्या, त्यांच्या नातवाची बाबागाडीही रोज उचलावी लागते. त्याच दिवशी ठराव झाला. आता पाण्याचे जार आणणाराही तिथूनच येतो.

रोजची आणि रविवारची देखभाल

रोज एकच काम: फिरून आलं की अर्ध्या तासाने, मोटर थंड झाल्यावर चार्जरला लावायची. लेड-ॲसिड बॅटरी अर्धी वापरली तरी त्याच दिवशी पूर्ण भरा. रिकामी ठेवली की ती आतून कडक होत जाते आणि पुन्हा पूर्ण भरत नाही. आठ ते बारा तास लागतात, हिरवा दिवा लागेपर्यंत मध्येच काढू नका. लिथियमला हा हट्ट नाही. ती महिनाभर वापरायची नसेल तर साधारण निम्मी भरून ठेवतात. गावी जाणार असाल तर लेड-ॲसिड पूर्ण भरून जा आणि शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा चार्ज करायला सांगा.

चार्जर गाडीसोबत आलेलाच वापरा. लिथियम पॅक घराच्या मुख्य दाराच्या वाटेवर चार्जिंगला ठेवू नका. काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते. चार्जरवर कपडे, पडदा नको. बॅटरी फुगली असेल, वास येत असेल किंवा हात लावून चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीची बॅटरी लवकर जाते. एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली तर फारच.

रविवारी वीस मिनिटं द्या. ओल्या फडक्याने पुसा, पाइपने पाणी मारू नका. चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस, दोरा, प्लास्टिक काढा. टायरवर लिहिलेली हवा तपासा. सीट आणि हँडलचे नटबोल्ट हलवून बघा. सपाट जागेवर चालवून लिव्हर सोडा, गाडी नेहमीइतक्याच अंतरात थांबते का ते बघा. महिन्यातून एकदा बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसते का तपासा. किल्ली काढून, तारा सोडवून, कोरड्या ब्रशने साफ करा आणि व्हॅसलिनचा पातळ हात द्या. खाडीजवळच्या हवेत हे लवकर होतं. कोपरी, कळवा किंवा नवी मुंबईत खाडीकाठी राहणाऱ्यांनी पंधरा दिवसांनी बघावं.

पार्किंगमध्ये उंदीर असतील तर त्यांचा बंदोबस्त आधी करा. आमच्या मजल्यावरच्या गाडीला त्रास नाही, पण खालच्या एका आजोबांच्या गाडीची वायर दोनदा कुरतडली गेली. टोपलीत खाण्याच्या वस्तू, भाजीचा पालासुद्धा ठेवून देऊ नका.

पावसाळा

ठाण्यात जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोणतीही मोबिलिटी स्कूटर साचलेल्या पाण्यातून जाण्यासाठी नाही. मोटर आणि बॅटरी चाकांच्याच उंचीवर असतात. शिंतोडे चालतात की नाही हे गाडीच्या माहितीपुस्तकात आयपी क्रमांकाने (धूळ-पाण्यापासून बचाव किती, ते सांगणारा क्रमांक) दिलेलं असतं; आयपीएक्स४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे, धो धो पाऊस नव्हे. हँडलवरच्या बटणांवर घालायला जाड प्लास्टिकचं कव्हर टोपलीत कायम ठेवा. पाऊस आला तर दुकानाच्या छपराखाली थांबायचं.

भिजलीच तर किल्ली बंद, कोरड्या कपड्याने पुसणं, पंख्याखाली रात्रभर ठेवणं. पूर्ण वाळल्याशिवाय चार्जरला लावू नका. आणि पावसाळ्यात बाहेर जाणं होत नसलं तरी गाडी आठवड्यातून एकदा जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये पुढेमागे करा.

गाडी हलतच नाही, तेव्हा

मेकॅनिकला फोन करण्याआधी ओळीने हे बघा. चार्जर अजून लावलेला आहे का? बहुतेक गाड्या चार्जर असताना मुद्दामच चालत नाहीत. मागच्या चाकाजवळची न्यूट्रलची लिव्हर खाली पडली आहे का? कोणीतरी गाडी ढकलून बाजूला केलेली असते आणि ती परत वर करायची राहते. आमच्याकडे झाडूवाल्या मावशी झाडायला गाडी सरकवायच्या, तेव्हा असं चारदा झालं. या लिव्हरचं आणखी एक: न्यूट्रलमध्ये ब्रेक लागत नाही, म्हणून उतारावर, माणूस बसलेलं असताना, तिला हात लावू नका.

तेही ठीक असेल तर बॅटरीजवळचं छोटं बटण बाहेर आलं आहे का पाहा आणि दाबा. मोटरवर भार आला की ते आपोआप बाहेर येतं. मग सीट नीट बसली आहे का, बॅटरीचा डबा पूर्ण आत गेला आहे का. तरीही नाही, तर दिवा किती वेळा लुकलुकतो किंवा किती बीप वाजतात ते मोजून लिहा. पुस्तिकेत त्याचा अर्थ असतो आणि मेकॅनिकला फोनवर तो आकडा सांगितला की योग्य भाग घेऊनच येतो.

चढावर दम तोडते पण सपाटीवर चालते, असं झालं तर बॅटरी संपत आली आहे. लेड-ॲसिडच्या जोडीला दीड ते तीन वर्षं मिळतात. रात्रभर चार्ज करून, तासभर बाजूला ठेवून मल्टिमीटरने मोजलं तर प्रत्येकी १२.८ च्या आसपास यायला हवं. एक बरी आणि एक खराब निघाली तरी दोन्ही एकदमच बदला. जुनी नवीला खाली ओढते. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि लेड-ॲसिडच्या जुन्या जोडीचे पैसे नव्या जोडीच्या बिलातून वळते होतात, तेवढे दुकानात विचारून घ्या.